बुडबुड्याचा दाखला

इको करून आलेल्या माणसाच्या घरी अहवालाचा कागद हातोहात फिरतो, आणि झडपा, पडदे, दाब यांचा सारा तपशील ओलांडून प्रत्येकाची नजर एकाच आकड्यावर येऊन थांबते. ‘पंपिंग तीस टक्के’ असे कोणी वाचले की घर स्तब्ध होते. ‘साठ’ म्हटले की चहाचे आधण चढते. हृदयाचे डावे निलय पूर्ण भरलेले असताना त्यात जितके रक्त असते, त्यापैकी शेकडा किती रक्त एका आकुंचनासरशी बाहेर लोटले जाते, हे सांगणारा तो आकडा. डॉक्टर त्याला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. निरोगी हृदयात तो साधारणपणे ५५ ते ७० असतो; ४० वा त्याहून खाली उतरला म्हणजे हृदयाची शक्ती क्षीण झाली असे मानतात; आणि औषधोपचार करूनही तो ३५ च्या वर चढेना, तर प्राणघातक लयभंग रोखणारे यंत्र छातीत बसवावे काय, याचा विचार सुरू होतो.

ज्या आकड्यावर एवढे अवलंबून, त्याची रुजवात कशी होते हे मात्र घरच्या मंडळींना क्वचितच ठाऊक असते. परीक्षक पडद्यावरील हलते चित्र दोनदा थांबवतो, एकदा निलय पूर्ण फुगलेले असताना आणि एकदा पूर्ण आकसलेले असताना. दोन्ही वेळा भिंतीची आतली कड एका रेषेने गिरवतो. मग संगणक त्या आकृतीचे, भाकरींच्या चवडीसारखे, एकावर एक रचलेले पातळ काप कल्पून त्यांच्या बेरजेने घनफळ काढतो. म्हणजे आकड्याचा सारा भरवसा त्या रेषेवर, आणि रेषेचा भरवसा कड दिसण्यावर. ज्याचे शरीर स्थूल आहे, ज्याच्या फुफ्फुसांत दम्याने वा धूम्रपानाने हवा कोंडून राहिली आहे, जो अतिदक्षता विभागात श्वासयंत्रावर पडून आहे, अशा रुग्णाच्या छातीतून ध्वनितरंग धड जातही नाहीत आणि परततही नाहीत. ‘विंडो चांगली नाही’ हे त्या खोलीतले नित्याचे वाक्य आहे. अशा वेळी करड्या धुक्यात जी रेषा ओढली जाते ती अर्धी पाहिलेली आणि अर्धी अनुमानलेली असते, आणि दोन अनुभवी परीक्षकांच्या आकड्यांत पाच-दहाचे अंतर सहज पडते. ज्याचा निवाडा पस्तिसाच्या काठावर व्हायचा आहे, त्याच्या दृष्टीने हे अंतर क्षुल्लक नव्हे.

या धुक्यावर सापडलेला उपाय आहे बुडबुड्याचा. क्षणभंगुरतेसाठी आपण ज्याचा दाखला देत आलो, तोच येथे साक्षीदार म्हणून उभा राहतो.

हृदयाचा पहिला प्रतिध्वनी १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर हा वैद्य आणि कार्ल हेल्मुट हर्ट्झ हा पदार्थवैज्ञानिक यांनी टिपला. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे रेमंड ग्रामियाक आणि प्रवीण शहा यांनी आपले निरीक्षण प्रसिद्ध केले : नळीवाटे हृदयाशी हिरवे रंजकद्रव्य सोडताच पडद्यावर प्रतिध्वनींचा दाट ढग उमटत होता. रंगाचा यात काही संबंध नव्हता. टोचताना द्रवात निर्माण होणाऱ्या सूक्ष्म बुडबुड्यांचा तो ढग होता. रक्त ध्वनीला जवळजवळ पारदर्शक असते, तर वायू त्याला जोराने परतवून लावतो. म्हणून इकोच्या पडद्यावर रक्त काळे आणि बुडबुडा लख्ख पांढरा.

अडचण एवढीच की साध्या सलाइनमध्ये घुसळलेले हवेचे बुडबुडे शिरेतून उजव्या हृदयापर्यंत पोहोचतात आणि फुफ्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकून तेथेच संपतात. (याचाही उपयोग आहे : ते डावीकडे दिसले, तर हृदयाच्या पडद्याला छिद्र असल्याचा संशय येतो.) डावीकडे सुखरूप जाणारा बुडबुडा तांबड्या रक्तपेशीहून लहान हवा आणि टिकाऊही हवा. त्यासाठी हवेऐवजी रक्तात सहसा न विरघळणारा जड वायू, सल्फर हेक्झाफ्लोराइड किंवा ऑक्टाफ्लोरोप्रोपेन, घेऊन त्याभोवती स्निग्ध द्रव्याचे वा प्रथिनाचे तलम कवच घालण्याची तजवीज झाली, आणि १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून ही द्रव्ये रुग्णालयांत येऊ लागली. त्यांपैकी एकाची कुपी मी जवळून पाहिली आहे. तळाशी पांढरी भुकटी. तीत ५ मिलिलिटर सलाइन घालून कुपी काही सेकंद जोराने हलवली की दुधासारखा द्रव तयार होतो. शिरेतून द्यायची मात्रा अवघी २ मिलिलिटर, आणि तीत वायू किती, तर सुमारे १६ मायक्रोलिटर, म्हणजे पावसाच्या एका थेंबाएवढा. परंतु तो कोट्यवधी बुडबुड्यांत वाटलेला असतो, आणि थोड्याच ठोक्यांत निलय काठोकाठ पांढरे भरते.

यातील एक योगायोग मला विलक्षण वाटतो. काही मायक्रॉन व्यासाचा बुडबुडा ज्या कंपनसंख्येला स्वभावतः स्पंदन पावतो, ती सुदैवाने हृदयाच्या इकोला लागते तीच, काही मेगाहर्ट्झ. ध्वनीच्या लाटेसरशी तो फुगतो आणि आक्रसतो, पण फुगणे जितके सोपे तितके आक्रसणे सोपे नसते. या विषमतेमुळे त्याच्या उत्तरात मूळ कंपनाच्या पटीतील स्वर मिसळतात. यंत्र तेवढेच स्वर निवडून घेते आणि स्नायूचा गलबला बाजूला सारते. मात्र ध्वनीची शक्ती मंद ठेवावी लागते. ती वाढली की बुडबुडे फुटतात आणि निलयाच्या टोकाशी भोवऱ्यासारखे काळे-पांढरे चित्र दिसू लागते. उलट द्रव्य जास्त पडले, तर पुढच्या ढगाची सावली मागच्या भागावर पडते. हे सारे हातोटीचे काम आहे.

पण ते साधले म्हणजे काळ्या स्नायूच्या चौकटीत पांढरे रक्त असे स्वच्छ चित्र उभे राहते. कोणती भिंत हलते, कोणती निश्चल आहे, हे नवशिक्यालाही दिसते, आणि घनफळाचे मोजमाप एमआरआयच्या बरेच निकट जाते. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यानंतर निलयाच्या टोकाशी साचणारी रक्ताची गुठळी तर येथे विशेष करून पकडली जाते. साध्या इकोत ती धुक्यात लपते; बुडबुड्यांच्या शुभ्र पार्श्वभूमीवर ती न भरलेल्या काळ्या खाचेसारखी उठून दिसते. तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर अर्धांगवायू ठरलेला. वेळीच दिसली तर रक्त पातळ ठेवणारी औषधे देता येतात.

या द्रव्यांवर एकदा मोठे गंडांतर आले होते. टोचल्यानंतर काही रुग्ण दगावल्याच्या नोंदींवरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ च्या ऑक्टोबरात त्यांच्यावर काळ्या चौकटीतील कडक इशारा छापण्याचा हुकूम दिला. मूळचे अत्यवस्थ असलेले ते रुग्ण द्रव्याने गेले की आजाराने, याचा खुलासा त्या नोंदींतून होत नव्हता. पुढे हजारो रुग्णांची दप्तरे तपासली गेली, द्रव्य दिलेल्यांत मृत्यू अधिक आढळले नाहीत, आणि पुढच्याच वर्षी निर्बंध सैल करण्यात आले. तीव्र ॲलर्जी क्वचित, सुमारे दहा हजारांत एखाद्याला होते. म्हणून रुग्णावर लक्ष ठेवणे आणि उपचाराची सिद्धता हाताशी असणे अगत्याचे आहे. सावधगिरीला माझी हरकत नाही. परंतु धूसर चित्रावरून चुकीचा आकडा काढण्यातही धोका असतोच, आणि तो कोणत्याही चौकटीत छापला जात नाही, याचे मला वाईट वाटते. सीटी स्कॅनच्या आयोडिनयुक्त द्रव्याची मूत्रपिंडांना जी धास्ती असते, ती येथे नाही. किरणोत्सर्गाचाही संबंध नाही. कवच शरीरात जिरते, आणि वायू फुफ्फुसांतून श्वासावाटे निघून जातो. दहा-बारा मिनिटांत, रुग्ण छातीवरचे जेल पुसून सदऱ्याची बटणे लावत असतो तोवर, त्यातील बहुतेक वायू त्याने उच्छ्वासातून बाहेर टाकलेला असतो, आणि परीक्षक गोठवलेल्या चित्रावर कडेकडेने रेषा गिरवीत असतो.