नाणेघाटातली महाराणी

मुलांनो, तुमच्या घरी भिंतीवर एखादा जुना फोटो असेलच. मधे आजोबा-आजी, बाजूला आई-बाबा, कडेला मुलं. जुन्नरच्या परिसरात एका राणीनेही घरच्या माणसांचा असाच ‘फोटो’ करवून घेतला होता, पण दगडात! आणि तोही सुमारे २००० वर्षांपूर्वी. तिचं नाव नागनिका.

पाहायचाय? मग पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागा. पेठ, मंचर, नारायणगाव करत जुन्नर गाठा. तिथून तीसेक किलोमीटरवर नाणेघाट. कोकणातल्या बंदरांवरचा माल याच वाटेने वर येई. माथ्याच्या थोडं खाली एक लेणं आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर पुतळ्यांची रांग होती. आज उरल्यात फक्त पावलांच्या खुणा! पण प्रत्येकाच्या डोक्यावर नाव कोरलं होतं, म्हणून कोण कुठे उभं होतं ते कळतं. पहिला सातवाहन राजा सिमुक. मग नागनिका आणि तिचा पती राजा सातकर्णी. पुढे राजकुमार.

आणि याच रांगेत एक पाहुणा आहे, महारठी त्रणकयिर. हे नागनिकेचे वडील असं अभ्यासक मानतात. म्हणजे बघा, सासरच्या राजघराण्याच्या रांगेत लेकीचे वडीलही उभे! मला तर या रांगेतली हीच गोष्ट सगळ्यांत आवडते.

सातकर्णी गेला तेव्हा मुलं लहान होती. वेदिश्री आणि शक्तिश्री ही त्यांची नावं. त्यांच्या वतीने राज्याचा गाडा नागनिकेनेच ओढला, असं बहुतेक इतिहासकार म्हणतात. लेण्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर तिचा मोठा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. ती महिना-महिना उपास करी, घरात राहूनही तपस्विनीसारखी जगे, असं त्यात लिहिलंय. पतीबरोबर केलेल्या यज्ञांची तर यादीच आहे. दोन अश्वमेध, एक राजसूय, शिवाय कितीतरी. दक्षिणा किती? एका यज्ञाला १०,००१ गाई, दुसऱ्याला १,१०१!

हे आकडे तिथे अंकांतच कोरलेत. पण त्यात शून्य नाही. दहासाठी एक खूण, शंभरासाठी वेगळी, हजारासाठी आणखी वेगळी. गेलात तर डाव्या-उजव्या भिंतींवर शोधा.