पेट्रोलचा कॉक

मोटारसायकलीचे इंजिन सर्वांच्या डोळ्यांत भरते. परंतु टाकीच्या पोटाखाली बसविलेल्या छोट्याशा कॉककडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. घरातील तोटी पाण्याचे जे काम करते, तेच हा कॉक पेट्रोलचे करतो. टाकी वर आणि कार्ब्युरेटर खाली असल्यामुळे पेट्रोल आपल्या वजनानेच खाली उतरते. ते सोडणे व अडविणे एवढेच वरकरणी त्याचे काम.

परंतु पाण्याच्या तोटीत नसलेली एक युक्ती यात असते. टाकीच्या आत कॉकच्या माथ्यावर पेट्रोलला दोन वाटा असतात : एक उंच नळी आणि दुसरे तिच्या बुडाशी असलेले भोक. कॉकची मूठ ‘चालू’वर असता पेट्रोल उंच नळीच्या तोंडातूनच खाली येते. पातळी त्या तोंडाखाली गेली, की नळी कोरडी पडते व इंजिन आचके देऊ लागते. मग स्वार मूठ ‘राखीव’कडे वळवितो; खालचे भोक उघडते आणि तळाशी उरलेले पेट्रोल मिळू लागते. राखीव साठ्यासाठी निराळी टाकी नसते. तो साठा किती, हे नळीची उंची ठरविते.

कॉक बिघडतो तो बहुधा आतील रबरामुळे. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या कॉकमध्ये रबराऐवजी बुचाचे लाकूड असे. ते पेट्रोलात भिजून फुगे व वाट बंद करी. गाडी महिनोन्‌महिने कोरडी उभी राहिली, की आकसून गळू लागे. गळती ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकले तर आग लागू शकते. कार्ब्युरेटरची सुईही झिजलेली असेल, तर ते इंजिनात उतरून तेल पातळ करते.

पेट्रोल येईनासे झाले म्हणून मात्र लगेच कॉकला दोष देऊ नये. टाकीच्या झाकणास हवेसाठी बारीक छिद्र असते. ते बुजले तरी पेट्रोल थांबते. झाकण उघडताच वाहू लागले, तर कॉक निर्दोष समजावा.

नवा कॉक जुना हाती धरूनच निवडावा. काही कॉक दोन स्क्रूंनी बसतात. तेथे छिद्रांमधील अंतर जुळले पाहिजे. काही आट्यांचे असतात. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या कॉकला इंचात १९ आटे असतात. निराळ्या आट्यांचा कॉक दोन फेरे आत जातो आणि मग अडतो. तेथे पान्याने जोर केला, तर टाकीचेच आटे जातात. बाहेरची तोटी रबरी नळीच्या मापाची व योग्य दिशेची हवी. याशिवाय आतील उंच नळीही ताडून पाहावी. ती आखूड निघाली, तर कॉक उत्तम बसेल, गळणारही नाही. परंतु आडरानात मूठ फिरविल्यावर राखीव पेट्रोल पूर्वीपेक्षा कमीच मिळेल.

कॉक बदलण्याचे काम मिस्त्रीचे. ते गार इंजिनावर, मोकळ्या हवेत आणि ठिणगीपासून दूर करावयाचे. टाकी रिकामी करून गंज धुवावा, जाळी शाबूत आहे हे पाहावे आणि पेट्रोलास टिकणारा नवा वॉशर घालावा. पाण्याच्या नळाचा साधा रबरी वॉशर पेट्रोलाने फुगतो. आरंभीचे आटे हातानेच फिरवावेत.

भारतात १ एप्रिल २०२० पासून धुराचे ‘बीएस–६’ नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या बहुतेक नव्या मोटारसायकलींत टाकीतील विजेचा पंप पेट्रोल ढकलतो, म्हणून हा कॉक दिसत नाही. जुन्या गाड्यांत मात्र तो आहेच. तो बदलल्यावर जाणता मिस्त्री आणखी एक काम करतो. मूठ ‘चालू’वर ठेवून तो पेट्रोल डब्यात पडू देतो, धार थांबली, की मूठ ‘राखीव’वर नेऊन उरलेले मापात धरतो आणि मापात भरले तेवढेच राखीव पेट्रोल आहे, असे गाडीच्या मालकास सांगतो.