तीन देशांची नोकरी : एका अनोळखी विद्याशाखेची ओळख

तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी चिपळूणला मामांकडे गेले होते. फराळ झाल्यावर मामांनी कपाटातून एक लांबट लिफाफा काढला आणि माझ्या हाती दिला. "तू अर्थशास्त्र शिकतेस ना? मग मला याचा अर्थ सांग," ते म्हणाले.

पत्र ब्रिटनच्या पेन्शन खात्याचे होते आणि मजकूर अगदी थोडा होता. आपल्या नावावर सात पात्र वर्षे नोंदली आहेत, पेन्शन मिळण्यास किमान दहा लागतात, सबब आपणांस पेन्शन देय नाही.

मामा व्यवसायाने ड्राफ्ट्समन. १९८२ ते १९९० ही आठ वर्षे मुंबईच्या एका कारखान्यात, १९९० ते १९९९ ही नऊ वर्षे दुबईत आणि २००४ ते २०११ ही सात वर्षे ब्रिटनमध्ये त्यांनी नकाशे काढले. एकूण चोवीस वर्षे. पगारातून त्या त्या देशाच्या नियमाप्रमाणे जे कापले जायचे ते कापले गेले. आज मामा सदुसष्टीकडे झुकले आहेत आणि त्यांना दरमहा मिळणारे निवृत्तिवेतन शून्य आहे.

मला त्या पत्राचा अर्थ सांगता आला नाही. आमच्या क्रमिक पुस्तकात 'श्रमाची गतिशीलता' असे एक प्रकरण आहे. जास्त मजुरी मिळेल तिकडे श्रमिक जातो, असे त्यात दिले आहे. पण तिकडे गेलेल्या श्रमिकाच्या म्हातारपणाचे काय होते, ते मात्र त्यात नाही. त्याचा शोध घेताना मला एका विद्याशाखेची माहिती मिळाली. तिचे नावही आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले नसेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

या शाखेला 'आंतरराष्ट्रीय कर्मचारी-लाभ' असे म्हणता येईल. पगाराखेरीज नोकरीमुळे जे जे मिळते ते सारे कर्मचारी-लाभात येते : निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी, उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, आजारपणाचा खर्च, अपंगत्व आल्यास मिळणारा आधार, मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणारी रक्कम. हे सर्व एका देशात सांभाळणेच पुरेसे कठीण असते. कंपनीच्या शाखा दहा देशांत असल्या आणि माणसे एका शाखेतून दुसऱ्या शाखेत जात राहिली, तर ते काम स्वतंत्र अभ्यासाचा विषय होते.

लंडनमध्ये १९७६ साली पेन्शन्स मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही व्यावसायिक संस्था स्थापन झाली. पेन्शन फंडांचा कारभार पाहणाऱ्यांसाठी परीक्षा घेणे हे तिचे एक मुख्य काम. आंतरराष्ट्रीय कर्मचारी-लाभ या विषयाची स्वतंत्र पदविकाही तिने काढली. योगायोग असा की, त्याच १९७६ साली अमेरिकेत या क्षेत्रातील एका प्रतिष्ठानाने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलच्या सहकार्याने कर्मचारी-लाभ तज्ज्ञांसाठी परीक्षांची मालिका सुरू केली. अमेरिकेची मालिका मुख्यतः तेथील योजनांभोवती फिरते. लंडनच्या पदविकेचा विषय मात्र अनेक देशांचा.

ही पदविका दोन भागांची. पहिल्या भागात पाया : निरनिराळ्या देशांची सामाजिक सुरक्षा, निवृत्तीच्या योजना, विम्याचे प्रकार. दुसऱ्या भागात व्यवस्थापन : इतक्या देशांतील योजनांवर मुख्य कचेरीने लक्ष कसे ठेवावे, परदेशी पाठविलेल्या माणसाची सोय कशी लावावी, एक कंपनी दुसरीत विलीन झाली तर जुन्या कामगारांच्या हक्कांचे काय करावे. विद्यार्थी बहुधा नोकरी करणारे असतात आणि घरी अभ्यास करून परीक्षा देतात.

या विषयात गणित आहे, कायदा आहे. पण मला सर्वांत जास्त भावला तो त्यातला इतिहास. प्रत्येक देशाची पेन्शन म्हणजे त्या देशाच्या इतिहासाचा एक तुकडाच असतो. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये आजारविमा, १८८४ मध्ये अपघातविमा आणि १८८९ मध्ये वृद्धत्वाचा विमा आणला, आणि तो आणताना वाढत्या समाजवादी चळवळीला शह देण्याचा हेतू त्याच्या मनात होता. ब्रिटनने १९०८ मध्ये गरीब वृद्धांसाठी पेन्शनचा कायदा केला, १९११ मध्ये राष्ट्रीय विमा आणला आणि १९४२ च्या बेव्हरिज अहवालावर युद्धोत्तर व्यवस्था उभारली. त्यांच्या वसाहतींत मात्र वेगळीच पद्धत रूढ झाली, ती प्रॉव्हिडंट फंडाची. मलायात १९५१ साली आणि सिंगापुरात १९५५ साली असे फंड सुरू झाले. स्वतंत्र भारतानेही १९५२ च्या कायद्याने हीच वाट धरली.

विमा आणि फंड यांतला फरक वरवर किरकोळ वाटतो, पण मामांच्या पत्राचे निम्मे उत्तर त्यातच आहे. फंड म्हणजे साठा. आपले पैसे आपल्या नावावर साठतात आणि नोकरी सोडताना व्याजासह हाती येतात. विमा म्हणजे हक्क. पैसे एकत्र पडतात आणि अमुक वर्षे भरल्यावर हक्क निर्माण होतो. अमुक वर्षे भरली नाहीत, तर काहीच मिळत नाही.

आता मामांची चोवीस वर्षे या चष्म्यातून पाहू.

मुंबईतली आठ वर्षे साठ्याची. देश सोडताना त्यांनी फंड काढून घेतला. १९७२ च्या कायद्याप्रमाणे वर्षाला पंधरा दिवसांच्या हिशेबाने १२० दिवसांचे उपदान मिळाले. (त्या कायद्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.) दरमहा पेन्शन देणारी कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ साली आली. तोवर मामा दुबईत होते.

संयुक्त अरब अमिरातीत परदेशी माणसाला सरकारी पेन्शन नाही. नोकरी संपताना उपदान मिळते : पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा पगार, पुढे वर्षाला ३० दिवसांचा. मामांचे पाच गुणिले २१ आणि चार गुणिले ३० मिळून २२५ दिवस झाले. पण हा हिशेब मूळ पगारावर चालतो. मामांच्या कंपनीने मूळ पगार थोडा आणि भत्ते मोठे ठेवले होते. दरमहा हाती पैसे चांगले येत, त्यामुळे नऊ वर्षांत कोणाला त्यात वावगे वाटले नाही. जे काही मिळाले त्यातून चिपळूणचे घर उभे राहिले.

ब्रिटनमधली सात वर्षे विम्याची, आणि खरी मेख तेथेच आहे. मामा २०११ साली आजीच्या आजारपणामुळे परतले. त्या वेळच्या नियमाप्रमाणे एक पात्र वर्ष असले तरी त्याच्या प्रमाणात पेन्शन मिळत असे. म्हणजे मामा निघाले तेव्हा त्यांची सात वर्षे वाया गेलेली नव्हती. २०१४ मध्ये तेथे नवा कायदा झाला. ६ एप्रिल २०१६ पासून पेन्शनच्या वयाला पोहोचणाऱ्यांना किमान दहा वर्षांची अट लागू झाली आणि पूर्ण पेन्शनसाठी पस्तीस वर्षांची. मामा २०२४ मध्ये सहासष्ट वर्षांचे झाले, म्हणून नवी अट त्यांना लागली. नोकरदाराला मालकाच्या पेन्शन योजनेत आपोआप दाखल करून घेण्याची सक्तीही ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१२ पासून टप्प्याटप्प्याने आली. तोवर मामा चिपळूणला पोहोचले होते.

यात कोणी फसविले असे म्हणता येणार नाही. प्रत्येक देशाने आपापला कायदा पाळला. पण तीन कायद्यांच्या मधल्या फटींतून एका माणसाचे म्हातारपण निसटले. या फटी ओळखणे हेच या विद्याशाखेचे काम आहे.

त्या बुजविण्याचा सरकारी मार्ग म्हणजे सामाजिक सुरक्षा करार. भारताचा असा पहिला करार बेल्जियमशी १ सप्टेंबर २००९ पासून अमलात आला. पुढे जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान इत्यादी देशांशी झाले. अशा करारांतून मुख्यतः दोन गोष्टी साधतात. थोड्या काळासाठी पाठविलेल्या कर्मचाऱ्याने मायदेशाचा दाखला दाखविला की परदेशात पुन्हा वर्गणी भरावी लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे वर्षांची बेरीज. समजा, एखाद्याने भारतात आठ आणि जर्मनीत चार वर्षे नोकरी केली. भारतात पेन्शनला दहा वर्षे लागतात, जर्मनीत पाच. सुटी सुटी पाहिली तर दोन्हीकडे दार बंद. करारानुसार बेरीज बारा धरली की दोन्ही दारे उघडतात. मात्र प्रत्येक देश आपल्याकडच्या वर्षांपुरतेच पैसे देतो.

अमेरिकेशी भारताचा असा करार नाही. तेथे पेन्शनला साधारण दहा वर्षांची वर्गणी लागते आणि आपले तरुण ज्या एच-१बी परवान्यावर जातात त्याची मुदत सामान्यतः सहा वर्षांची असते. पुण्याच्या कितीतरी घरांतील मुलांना हा हिशेब लागू पडेल. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी व्यापार करार झाला, तेव्हा दुहेरी वर्गणी टाळण्याच्या वेगळ्या कराराचेही ठरले. पण तो थोड्या काळासाठी पाठविलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. मामांसारख्यांची वर्षे त्याने जोडली जात नाहीत.

कंपन्यांनी स्वतःच्या सोयीसाठी शोधलेल्या युक्त्याही या अभ्यासात येतात. एका कंपनीने जर्मनी, ब्राझील आणि भारत येथील कर्मचाऱ्यांचा विमा त्या त्या देशातील विमा कंपन्यांकडे उतरविला आहे असे धरू. या विमा कंपन्या एका जागतिक साखळीत असतील, तर सर्व देशांचे हप्ते आणि दावे वर्षअखेरीस एकत्र मांडले जातात आणि शिल्लक उरल्यास ती मुख्य कंपनीला लाभांश म्हणून मिळते. एका देशातला वाईट अनुभव दुसऱ्या देशातल्या चांगल्या अनुभवाने भरून निघतो. थोडक्यात, कंपन्यांनी आपल्या हिशेबांची सीमेपलीकडे बेरीज करण्याची सोय करून घेतली आहे. कामगारांच्या वर्षांची बेरीज मात्र दोन सरकारांनी सही केल्याखेरीज होत नाही.

येथे माझ्या मनात एक शंका आली. हे शिक्षण घेतलेला तज्ज्ञ शेवटी कोणाचा? त्याला पगार कंपनी देते, त्याचा सल्ला कंपनी विकत घेते. मोठ्या अधिकाऱ्याला परदेशी पाठविताना त्याच्या पेन्शनचा विचार आधी होतो. स्वतःच्या हिमतीवर गेलेल्या ड्राफ्ट्समनला, वायरमनला किंवा स्वयंपाक्याला सांगणारे कोणी नसते. मग हे ज्ञान निरुपयोगी ठरते का? मला तसे वाटत नाही, कारण त्याचा उपयोग मी स्वतः अनुभवला.

वाचता वाचता मला कळले की ब्रिटनमध्ये काही अटींवर, देश सोडल्यानंतरही, अलीकडची राहिलेली वर्षे ऐच्छिक वर्गणी भरून पुरी करता येतात. मामांना तीनच वर्षे कमी पडतात. २०२५-२६ साली पूर्ण पेन्शन आठवड्याला २३० पौंड २५ पेन्स होती. तिचे पस्तिसात दहा भाग म्हणजे सुमारे ६६ पौंड. सात वर्षांना शून्य, दहा वर्षांना आठवड्याला ६६ पौंड! भारतात राहणाऱ्याची ही पेन्शन तेथल्याप्रमाणे दरवर्षी वाढत नाही, पहिल्या दिवशी असते तेवढीच राहते. तरीही शून्यापेक्षा ती पुष्कळ आहे. ही सवलत एप्रिल २०२६ पासून कडक करण्याचे ब्रिटिश सरकारने नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकात जाहीर केले. तेव्हा उशीर करून चालणार नव्हते. आम्ही लगेच चौकशीचा अर्ज पाठविला.

मामांना हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे मला चौदा वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पण या महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या आपल्यापैकी कित्येक जण उद्या परदेशी जातील किंवा ज्यांचे भाऊ, काका, शेजारी गेले आहेत अशा घरांत राहतील. लंडनची परीक्षा प्रत्येकाने द्यावी असे मी म्हणत नाही. तिचा खर्च आणि अभ्यास दोन्ही थोडे नाहीत. इतिहास, कायदा आणि अर्थशास्त्र एकत्र वाचण्याची आवड असलेल्या कला शाखेच्या विद्यार्थ्याला ती अवघड मात्र वाटू नये. ज्यांना ती द्यायची नाही त्यांनी निदान दोन प्रश्न विचारायला शिकावे : जेथे जाणार तेथे हक्क मिळण्यास किती वर्षे लागतात? आणि त्या देशाशी आपला करार आहे का?

मामांच्या अर्जाचे उत्तर हा लेख लिहीपर्यंत आलेले नाही. तो लांबट लिफाफा आता कपाटात नाही. मामांनी तो दाराजवळच्या खुंटीला अडकविलेल्या पिशवीत ठेवला आहे. पोस्टमनची सायकल वाजली की ते चष्मा शोधू लागतात.