पाच पलटणी, एक साचा

बकिंगहॅम राजवाड्यापुढे पहाऱ्याला उभा राहणारा लाल डगल्याचा, अस्वलाच्या कातड्याची उंच टोपी घातलेला शिपाई आपण निदान चित्रात तरी पाहिलेला असतो. तोच शिपाई ५४ मिलिमीटर उंचीचा, बिनरंगाचा आणि सुट्या भागांत हाती आला, तर त्याच्यात रुबाब म्हणून काही दिसत नाही. धड आणि पाय एकत्र ओतलेले, बंदुकीचा हात वेगळा, कधी डोकंही वेगळं. दोन्ही कुशींवरून साच्याच्या सांध्याची रेघ गेलेली, बंदूक आणि दंड यांच्यामधल्या फटीत धातूचा पापुद्रा अडकलेला. इंग्लंडात असली कास्टिंग विकणारे छोटे कारखानदार आजही आहेत. ती साफ करून, जोडून, रंगवून पलटणी उभ्या करणारे हौशी लोकही पुष्कळ आहेत. या लोकांची ‘ब्रिटिश मॉडेल सोल्जर सोसायटी’ १९३५ पासून चालू आहे.

हा छंद ज्या खेळण्यांवर पोसला, ती उत्तर लंडनमधल्या ब्रिटन घराण्याची. थोरले विल्यम ब्रिटन चावीची खेळणी बनवत. सैनिकांच्या बाजारावर तेव्हा जर्मन मालाचा पगडा होता. ड्रेस्डेनच्या हायडे कारखान्याचे सैनिक भरीव असत, म्हणून जड आणि म्हणूनच महाग. १८९३ मध्ये धाकट्या विल्यमने पोकळ ओतकामाची युक्ती काढली. वितळलेला धातू साच्यात ओतला की साच्याला टेकलेला थर लगेच गोठतो. आतला धातू पातळ आहे तोवरच साचा उलटा करून तो बाहेर काढायचा. मागे राहतं ते नुसतं कवच. धातू वाचला, किंमत उतरली आणि थोड्याच वर्षांत जर्मन सैनिक मागे पडले. पहिला संच लाइफ गार्ड्सच्या घोडेस्वारांचा होता. पुढे साम्राज्यातल्या बहुतेक फौजा लाल खोक्यांतून दुकानात आल्या. त्यांत बेंगाल कॅव्हलरी होती, मद्रास लान्सर्स होते आणि बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीही होती. आपल्याकडच्या शिपायांनी खरे डगले घालून परमुलखात लढाया केल्या आणि त्यांच्या प्रतिमा लंडनच्या पोरांनी गालिच्यावर लढवल्या, हा त्या काळाचा न्याय.

मोठी माणसंही यातून सुटली नाहीत. लहानपणच्या दीड हजारांच्या आसपास सैनिकांनी आपल्या आयुष्याला वळण दिलं, असं चर्चिलने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात जमिनीवर मांडायच्या लढाईचे नियमच छापले.

शिशाच्या विषारीपणाची जाणीव वाढली, प्लॅस्टिक स्वस्त झालं आणि १९६६ मध्ये ब्रिटन्सने शिशाचे सैनिक बनवणं थांबवलं. गोष्ट तिथेच संपायची. पण सत्तरच्या दशकात काही कारागिरांनी जुन्याच धाटणीचे नवे सैनिक ओतायला घेतले. हे भरीव असतात आणि बहुधा रबराच्या गोल साच्यात ओतले जातात. साचा गरगर फिरवला की धातू आपोआप कडेच्या बारीक कोपऱ्यांत जाऊन भरतो. घरच्या घरी ओतायचं असेल तर आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यातली ‘प्रिन्स ऑगस्ट’ ही कंपनी रबरी साचे आणि धातू दोन्ही विकते. नवख्याने मात्र ओतण्याच्या भानगडीत न पडता तयार कास्टिंग घ्यावं.

हा धातू म्हणजे कथील, शिसं आणि अँटिमनी यांचं मिश्रण. आपल्या छापखान्यांत जे खिळे जुळवत, तेही याच तीन धातूंचे. कारणही तेच आहे. नुसतं शिसं मऊ असतं आणि गोठताना आकसतं. अँटिमनीमुळे त्याला कणखरपणा येतो आणि आकसणं कमी होतं, त्यामुळे अक्षराची धार असो की डगल्याचं बटण, साच्यातलं रेखीवपण टिकतं. कथिलामुळे मिश्रण कमी उष्णतेत वितळतं आणि नीट वाहतं. हल्ली बिनशिशाची मिश्रणंही मिळतात. पुडक्यावर तसं लिहिलेलं नसेल, तर शिसं आहे असंच धरून चालावं.

आता कामाला बसू. नवखा माणूस सगळं लक्ष रंगावर ठेवतो. माझ्या मते निम्म्याहून जास्त काम कानशीचं आहे. धारदार चाकूने पापुद्रे कापायचे, सांध्याची रेघ बारीक कानशीने घासायची आणि मग पॉलिश पेपर फिरवायचा. कागद पाण्यात भिजवूनच वापरावा, म्हणजे भुकटी हवेत उडत नाही. रेघ डोळ्यांना दिसत नसली तरी नखाला लागते. नख फिरवून पाहावं, अडकलं तर पुन्हा घासावं. टोपीवर केसांची नक्षी असते, तिथे हात हलका ठेवावा, नाहीतर अस्वलाचं टक्कल होतं. शेवटी कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने धुऊन वाळवायचं. साच्यातून सुटावं म्हणून लावलेल्या पावडरीचा किंवा तेलाचा अंश राहिला, तर त्यावर रंग धरत नाही.

जोडण्याआधी प्रत्येक हात नुसताच लावून पाहावा. तो बसत नसेल तर खुंटी घासावी, दाबू नये. फेविक्विक चटकन धरतं, पण सांधा ठिसूळ राहतो आणि सैनिक टेबलावरून पडला की हात निखळतो. ज्या सांध्यावर वजन येतं, तिथे अराल्डाइटसारखा दोन ट्यूबांचा गोंद बरा. तो सुकेपर्यंत हाताला टेकू द्यावा लागतो, तेवढा धीर धरावा. भाग जड असेल तर दोन्ही बाजूंना बारीक भोक पाडून पितळी तारेचा तुकडा आत घालावा. खांद्यापाशी फट राहिली तर एम-सीलची चिमूट पाण्याच्या बोटाने बसवली की भागतं.

मग प्रायमर. स्प्रेचे दोन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिला तर घासून वाचवलेली नक्षी बुजते. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी ऐन पावसाळ्यात स्प्रेचं काम काढू नये. हवेतल्या दमटपणाने चकचकीत वार्निशवर दुधाळ झाक चढते.

रंगाच्या बाबतीत दोन पंथ आहेत. एक पंथ सैनिक जिवंत माणसासारखा दिसावा म्हणून झटतो. त्याचे रंग बिनचकाकीचे, सुरकुतीसुरकुतीत सावली, डोळ्यात बाहुली. दुसरा पंथ खेळण्याचा. सपाट चकचकीत रंग, सरळ कडा, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके, गालावर गुलाबी टिकली. दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा ज्याने पाहिलाय, त्याला ही दुसरी रीत समजावून सांगावी लागत नाही. नवखे लोक बहुधा पहिल्या पंथाच्या मोहात पडतात आणि सावल्यांच्या नादात मळकट शिपाई तयार करतात. सुरुवात खेळण्याच्या रीतीनेच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ती सोपी मात्र नाही. चकाकी काहीच झाकत नाही, न घासलेली रेघ वार्निशखाली दुप्पट उठून दिसते. म्हणून तर कानशीचा एवढा आग्रह.

रंगवताना आतून बाहेर यावं. आधी चेहरा आणि हात, मग डगला, मग विजार, मग पांढरा पट्टा आणि सगळ्यात शेवटी सोनेरी बटणं. पांढरा रंग लालवर एका हातात बसत नाही, दोन-तीन पातळ हात द्यावे लागतात. अगदी बारीक ब्रश घेतला की काम बारीक होतं, ही समजूत चुकीची आहे. तीन शून्याच्या ब्रशात रंगच मावत नाही आणि असलेला टोकावर सुकतो. एक नंबरचा, चांगल्या टोकाचा ब्रश सगळं काम करतो. बटणांना टूथपिक पुरते.

याच बटणांत खरी गंमत आहे. राजवाड्याच्या पायदळी पहाऱ्याच्या पलटणी पाच. ग्रेनेडियर्सची बटणं सारख्या अंतरावर एकेक, कोल्डस्ट्रीमची दोन-दोन, स्कॉट्सची तीन-तीन, आयरिशची चार-चार, वेल्शची पाच-पाच. टोपीवरचा तुराही वेगळा. ग्रेनेडियर्सचा डावीकडे पांढरा, कोल्डस्ट्रीमचा उजवीकडे लाल, आयरिशचा उजवीकडे निळा, वेल्शचा डावीकडे पांढरा-हिरवा-पांढरा आणि स्कॉट्सला तुराच नाही. म्हणजे साच्यात बटणं उठवलेली नसतील, तर एकाच कास्टिंगमधून पाचही पलटणी निघतात. तुरा हवा तिथे एम-सीलचा लावायचा, नको तिथे घासून टाकायचा. फक्त तारखा सांभाळाव्यात. आयरिश गार्ड्स १९०० मध्ये उभे राहिले आणि वेल्श १९१५ मध्ये. राणी व्हिक्टोरियाच्या हिरकमहोत्सवी मिरवणुकीत वेल्श गार्ड चालवला, तर जाणकार हसतील.

काम करताना खाणंपिणं वर्ज्य, ब्रशाचं टोक ओठांनी जुळवणं तर अजिबात नको. उठल्यावर हात साबणाने धुवावेत. घरात लहान मूल असेल तर तयार सैनिक त्याच्या हातात देऊ नये, नाव खेळण्याचं असलं तरी. सैनिक ओकच्या लाकडी कपाटात बंद करून ठेवू नयेत. त्या लाकडातून आम्लाची वाफ सुटते, ती शिशाला खाते आणि पांढरी भुकटी उरते. जुने संग्रह याच रोगाने गेलेत. काचेचं, हवा खेळती राहणारं कपाट उत्तम.

पहिल्या खरेदीत खांद्याला बंदूक लावून सावधान उभे असलेले पाच-सहा साधे शिपाई घ्यावेत आणि ते एकेक न करता एकदम रंगवावेत. सगळ्यांचे चेहरे, मग सगळ्यांचे डगले, असं केलं की पाचव्या शिपायापर्यंत हात बसतो. बँडवाले झांजा-ढोलांसकट दुसऱ्या खेपेला चालतील. घोडेस्वार मात्र त्याच्याही नंतर, कारण घोड्याचे चार पाय, लगाम आणि खोगीर रंगवायला स्वारापेक्षा जास्त वेळ लागतो.