दंतशिबिर एका दिवसाचं, दात वर्षभराचे

डिसेंबर लागला की नाशिकच्या द्वारका, काठे गल्ली, इंदिरानगर भागातल्या घरांत परदेशी राहणारे मुलगे, मुली, सुना, जावई सुटीवर येतात. त्यांच्यात कुणी दंतवैद्य असलं, तर एक इच्छा हमखास कानावर येते: ‘दोन दिवस मोकळे आहेत, एखाद्या अनाथाश्रमात मुलांचे दात बघून येऊ.’ तिकडे त्यांनी सहकाऱ्यांना आठवडाभराच्या दंतसेवेसाठी केनियाला किंवा कंबोडियाला जाताना पाहिलेलं असतं. आपल्या गावासाठीही असं काही करावं, असं वाटणं स्वाभाविक आहे. इच्छा मनापासूनची असते आणि गरजही खरी आहे. पण या कामाभोवती जे समज आहेत, त्यातले काही मुलांना त्रासाचे ठरतात. मी याच भागात दातांचा दवाखाना चालवतो. शिबिरं होऊन गेल्यानंतर दुखरी गालफडं घेऊन येणारी मुलं बघतो, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

‘काहीच न मिळण्यापेक्षा एक दिवस तरी मिळाला’

तपासणीपुरतं हे खरं आहे, उपचारांना मात्र लागू पडत नाही. दात काढला की काम संपलं असं वाटतं, पण मुलाच्या दृष्टीनं ते तिथून सुरू होतं. भूल दिल्यावर ओठ दोन-तीन तास बधिर राहतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला ही बधिरता गमतीची वाटते आणि ते ओठ चावत बसतं. रात्री तोच ओठ सुजून पांढरा पडतो. रात्रपाळीच्या काळजीवाहक ताईंना वाटतं, जखम चिघळली. शिबिरातले डॉक्टर तोवर मुंबई विमानतळावर पोचलेले असतात. कापसाचा बोळा अर्धा तास दाबून धरायचा, चोवीस तास खळखळून चूळ भरायची नाही, बधिरता जाईपर्यंत जेवण द्यायचं नाही, या साध्या सूचना ताईंना कुणी नीट समजावून दिल्या नसतील, तर साधं रक्त आलं तरी सगळं बालगृह घाबरतं.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे मुलाचा पूर्वेतिहास. आई-वडील सोबत असले की पहिल्या दोन प्रश्नांत कळतं: रक्त लवकर थांबतं का, झटके येतात का, कुठली औषधं चालू आहेत. बालगृहातल्या मुलाच्या फाइलमध्ये हे असेलच असं नाही. महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण आहेत. २०२३ साली त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. सिकलसेल असलेल्या मुलाला जंतुसंसर्गानं किंवा शरीरातलं पाणी कमी झाल्यानं तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. त्याचा दात काढायचाच असेल, तर तयारीनं आणि रुग्णालयाशी संपर्क ठेवून काढायचा असतो. समोर साठ मुलांची रांग असताना हे होत नाही.

म्हणून एका दिवसात किती दात काढले हा आकडा मला यशाचा वाटत नाही. बातमीत मात्र तोच छापून येतो.

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’

दुधाचे दात वीस. त्यातल्या दाढा साधारण दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्या आधीच काढल्या, तर शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकतात आणि खालून येणारा कायमचा दात वाकडा येतो किंवा अडकून राहतो. किडलेली दाढ तशीच ठेवली, तर मूल एका बाजूनं जेवतं, रात्री रडतं, वर्गात लक्ष देत नाही.

पण सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढेचा. पहिली कायमची दाढ दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागून गुपचूप येते. तिच्यासाठी आधी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आली हेच कुणाला कळत नाही. मुलाला आ करायला सांगा, खालचा जबडा बघा, मधून मागे मोजत जा: सहावा दात. त्याच्या चावण्याच्या पृष्ठभागावर खोल खाचा असतात, त्यात अन्न रुतून बसतं. सात-आठ वर्षांच्या मुलांत याच खाचा काळ्या पडलेल्या दिसतात आणि काळजी घेणारे म्हणतात, ‘दुधाची आहे, काढून टाका.’ ती गेली की पुन्हा येत नाही. खाचा वेळेत बुजवल्या, तर ही दाढ वाचू शकते. शिबिरात एकच काम करायला वेळ असेल, तर मी सहा ते नऊ वर्षांच्या मुलांच्या या चार दाढा बघेन.

वरचा दात काढला की नजर अधू होते, हा समज शिबिरात हमखास भेटतो, कधी शिक्षकांकडूनही. वरच्या दातांची संवेदना नेणारी नस आणि दृष्टीची नस वेगळ्या आहेत. नजरेला काही होत नाही.

‘खुर्ची, मशीन, वीज नसेल तर उपचार नाहीत’

ऐंशीच्या दशकात टांझानियात एक पद्धत विकसित झाली. ड्रिल न वापरता हातातल्या हत्यारांनी मऊ कीड खरवडायची आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं. या सिमेंटमधून फ्लोराइडही झिरपतं. बहुतेक वेळा भूल लागत नाही. बाकावर झोपवून, मानेखाली उशी ठेवून, डोक्याला बांधलेल्या दिव्याच्या उजेडात हे करता येतं. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव किडलेल्या जागी लावलं की कीड पुढे सरकायची थांबते. तो भाग काळा पडतो, हे मात्र लावायच्या आधी मुलाला आणि ताईंना सांगायला हवं. हे द्रव, ग्लास आयोनोमर आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट या तिन्ही गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या.

निर्जंतुकीकरणात मात्र काटकसर नको. पाण्यात उकळलेली हत्यारं पुरेशी स्वच्छ होत नाहीत, काही जंतूंचे बीजाणू उकळूनही टिकतात. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर दाबाखालच्या वाफेत किमान पंधरा मिनिटं द्यावी लागतात. हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस जिवंत राहू शकतो. प्रत्येक मुलासाठी हत्यारांचा वेगळा निर्जंतुक संच नसेल तर मुलांची संख्या कमी करा. वापरलेल्या सुया, रक्ताचा कापूस, काढलेले दात बालगृहाच्या कचऱ्यात टाकायचे नाहीत. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम शिबिरांनाही लागू आहेत.

‘सेवाच करतोय, परवानगी कशाला?’

उंटवाडीचं निरीक्षण व बालगृह असो की घारपुरे घाटावरचा आधाराश्रम, अशा संस्थांमधली मुलं बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या संरक्षणाखाली असतात. बालगृहातल्या मुलांबाबतचे निर्णय बालकल्याण समितीच्या, तर निरीक्षणगृहातल्या मुलांबाबतचे बाल न्याय मंडळाच्या अखत्यारीत येतात. म्हणून तपासणीपलीकडे काही करायचं असेल, तर संस्थेमार्फत लेखी मंजुरी आधी घ्यायची. भारतात नोंदणी नसलेल्या दंतवैद्याला, तो लंडनमध्ये कितीही नामवंत असला, इथे स्वतःच्या हातानं उपचार करता येत नाहीत. इथून शिकून गेलेल्यांनी आपल्या नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, हे निघण्याआधी बघावं.

आणि फोटो. याच कायद्याचं कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड करण्याला बंदी घालतं. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तोंड उघडून बसलेल्या मुलाचं छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकण्याआधी हे वाचा. कायदा नसता, तरी आपल्या मुलाचं असं छायाचित्र आपण कुणाला टाकू दिलं असतं?

‘अनाथाश्रमातली मुलं म्हणजे अनाथ’

बऱ्याच मुलांना आई किंवा वडील असतात. गरिबी, आजारपण, मोडलेला संसार यामुळे ती संस्थेत येतात. कंबोडियात पर्यटक आणि स्वयंसेवक वाढले तशा संस्था वाढल्या, आणि पाहणीत दिसलं की तिथल्या चारपैकी सुमारे तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्कांच्या ठरावात अशा स्वयंसेवा-पर्यटनाच्या धोक्यांचा उल्लेख केला. आपल्याकडचं चित्र तसंच आहे असं मी म्हणत नाही. पण दोन दिवस लळा लावून निघून जाणारी माणसं मुलांनी पुष्कळ पाहिलेली असतात, आणि त्याचा त्यांना त्रास होतो.

‘नाशकात कोण करणार?’

इथे करणारे आहेत. द्वारकेहून आग्रा रोडनं गोदावरी ओलांडली की पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिराचं दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत सामाजिक दंतशास्त्राचा विभाग असतो आणि इंटर्न विद्यार्थ्यांना समाजात जाऊन काम करायचंच असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरला सुरू झाला. त्याची पथकं शाळांमध्ये वर्षातून एकदा तपासणी करतात आणि त्या तपासणीत किडलेले दातही येतात. पेठ, सुरगाण्याच्या आश्रमशाळांचा कारभार ज्या आदिवासी विकास विभागाकडे आहे, त्याचं आयुक्तालयही नाशकातच आहे. कमी पडतो तो दुवा: तपासणीत सापडलेलं मूल खुर्चीपर्यंत नेणारं माणूस, रिक्षाचं भाडं, पुढच्या तारखेची आठवण.

आणि रोजची सवय. स्कॉटलंडमध्ये बालवाड्यांत मोठ्यांच्या देखरेखीखाली रोज फ्लोराइड पेस्टनं दात घासून घेतले जातात. तिथे पहिलीच्या वर्गात कीड न दिसणाऱ्या मुलांचं प्रमाण २००३ मध्ये ४५ टक्के होतं, ते २०१८ मध्ये ७१ टक्के झालं. बालगृहात हे घरापेक्षा सोपं आहे, कारण सगळी मुलं एकाच वेळी उठतात आणि एकाच मोरीवर उभी राहतात. ब्रशवर नाव, वाटाण्याएवढी पेस्ट, वेष्टनावर फ्लोराइड लिहिलंय याची खात्री, घासून झाल्यावर फक्त थुंकायचं. रात्रीचं घासणं चुकवायचं नाही. नाशिककर हौसेनं बालगृहात वाढदिवस साजरे करतात, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा केक आणि चॉकलेटं येतात. दर वेळी गोड तोंडात गेलं की अर्धा तास आम्ल दातांवर काम करतं. केकऐवजी भुईमुगाच्या शेंगा, पेरू, किंवा वर्षभराच्या पेस्टचे पैसे द्या.

परदेशातून येणाऱ्या दंतवैद्यानं मग काय करावं? महाविद्यालयाच्या पथकासोबत जावं. इंटर्नना हातातल्या हत्यारांनी दाढ कशी बुजवायची, ते शिकवावं. काळजीवाहक ताईंसोबत तासभर बसावं. प्रत्येक मुलाच्या फाइलमध्ये एक कागद लावून यावा: कुठला दात, काय केलं, काय राहिलं, कुणाकडे आणि कधी न्यायचं. परत गेल्यावर दर महिन्याला अर्धा तास संस्थेशी बोलावं, त्या कागदावरचं काय पुरं झालं ते विचारावं, आणि राहिलेल्या मुलांच्या रिक्षाचे, एक्स-रेचे पैसे पाठवावेत.