भरलेली वाटी आणि तहानलेला घोयरा

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या वस्तीला लागून एक नाला आहे, नाल्याच्या काठाने बाभळी आणि बोरी आहेत. रस्ता रुंद करण्यासाठी त्यांतली चार-पाच झाडे तोडली गेली आणि तोडलेल्या फांदीबरोबर एक घोयरा खाली आला. हिरवा, डोक्यावर टोपीसारखा उंचवटा, शेपटी गुंडाळलेली, आणि एक डोळा इकडे तर दुसरा तिकडे. बघता बघता माणसे जमली. कोणी काठी आणली, कोणी दगड उचलला. एक म्हातारी आजी ओरडली, "मारा त्याले, इखारी हाये तो!"

शेजारचा सहावीतला पोरगा मध्ये घुसला. त्याने घोयरा शर्टात गुंडाळला आणि घरी पळाला. जोड्याच्या खोक्याला भोके पाडली, आत कडुनिंबाचा पाला घातला आणि घोयऱ्याला त्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला. "काका, हा पानीच पेत नाही. वाटीत ठेवलं, पन हा पाहतच नाही तिकडं."

आम्ही काय सांगितले? आम्ही म्हणालो, "घाबरला असेल बाळा. वाटी राहू दे तशीच. तहान लागली की पिईल."

चौथ्या दिवशी घोयरा मेला. डोळे खोल गेलेले, अंग काळपट पडलेले. वाटी शेजारीच होती, काठोकाठ भरलेली. पोरगा रडला नाही, त्याने फक्त विचारले, "पानी तर होतं ना काका?" या प्रश्नाचे उत्तर तेव्हा आमच्याकडे नव्हते. त्या जिवाच्या मरणात दोष पोराचा नव्हता, आमचा होता. माहीत नसताना आम्ही माहीत असल्यासारखे बोललो. पुढे जाणकारांना विचारले, पुस्तके चाळली, आणि जे कळले ते आज या पानावर आपल्या कुटुंबांसमोर ठेवत आहोत.

साचलेले पाणी त्याला दिसतच नाही

घोयरा, म्हणजे इंग्रजीत ज्याला शॅमेलिऑन म्हणतात तो सरडा, झाडावर राहणारा प्राणी आहे. त्याचे पाय बघा. बोटे दोन आणि तीन अशी जोडलेली, जणू चिमटाच. हे पाय फांदी धरण्यासाठी घडलेले आहेत. जमिनीवर तो क्वचित उतरतो. मादी उतरते ती मातीत खड्डा करून अंडी घालायला. आता असा प्राणी डबक्यावर जाऊन पाणी कधी पिणार? त्याचे पाणी म्हणजे पहाटे पानांवर साठलेले दव आणि पावसाचे थेंब. पानावर चमकणारा, हलणारा, ओघळणारा थेंब दिसला की तो जीभ लावून चाटतो. वाटीतले पाणी हलत नाही, चमकत नाही. बहुतेक घोयऱ्यांना ते पाणी आहे हेच ओळखता येत नाही. म्हणूनच आमच्या वस्तीतला तो जीव पाण्याशेजारी तहानेने गेला.

पाण्याची गरज मात्र त्याला इतर कोणाहून कमी नाही. पक्ष्यांप्रमाणेच सरड्यांच्या शरीरातला कचरा युरिक आम्लाच्या रूपाने, पांढऱ्या खडूसारखा घट्ट होऊन विष्ठेबरोबर बाहेर पडतो. पाणी कमी पडले की हा कचरा मूत्रपिंडात आणि सांध्यांत साचू लागतो. जीभही पाण्यावरच चालते. शरीराहून लांब अशी ती जीभ क्षणात बाहेर फेकून तो किडा पकडतो. २०१६ साली बेल्जियममधील संशोधकांनी दाखवून दिले, की त्याच्या जिभेच्या टोकावरचा चिकट स्राव माणसाच्या लाळेपेक्षा सुमारे ४०० पट घट्ट असतो, आणि त्यालाच भक्ष्य चिकटते. शरीरच कोरडे पडले तर शिकार कशी करणार? तहानलेला घोयरा खाणेही सोडतो.

परदेशात पाळणारे काय करतात

अमेरिका आणि युरोपात हे सरडे हौसेने पाळले जातात. येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातला डोक्यावर उंच तुरा असलेला व्हेल्ड शॅमेलिऑन आणि मादागास्कर बेटावरचा रंगीबेरंगी पँथर शॅमेलिऑन, या दोन जाती तिथे विशेष आवडीच्या. पूर्वी रानातून पकडून आणलेले सरडे घरात फार दिवस जगत नसत, आणि तहान हे त्याचे एक मोठे कारण होते. चुका करत करत तिथले लोक शिकले. आज पाळणाऱ्यांच्या घरीच जन्मलेली पिल्ले विकली जातात आणि त्यांना पाणी देण्याची रीतही ठरून गेली आहे.

पहिली गोष्ट म्हणजे पिंजरा. तो जाळीचा आणि हवेशीर असतो, आत फांद्या आणि जिवंत झाडे असतात. मनीप्लांट, जास्वंद, वडाच्या जातीतले छोटे झाड. प्लॅस्टिकच्या पानांपेक्षा खऱ्या पानांवर थेंब चांगले थांबतात आणि झाडांमुळे गारवाही टिकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे फवारा. आपल्याकडे इस्त्रीवाले कपड्यांवर पाणी मारतात तशी साधी बाटली पुरते. पहाटे दिवा लागण्यापूर्वी आणि संध्याकाळी तो मावळल्यावर पानांवर बारीक फवारा मारायचा. घाईत दोन दाब मारून उपयोग नाही, दोन-तीन मिनिटे तरी फवारत राहावे लागते. सुरुवातीला सरडा डोळे मिटून घेतो, ते फिरवून धुतो. पिण्याची पाळी त्यानंतर येते. फवारा तोंडावर नाही, पानांवर मारायचा.

तिसरी गोष्ट म्हणजे ठिबक. प्लॅस्टिकच्या पेल्याच्या बुडाला टाचणीने भोक पाडून तो पिंजऱ्यावर ठेवतात. थेंब-थेंब पाणी पानावर पडून ओघळते. यासाठी बाजारात महागडी उपकरणे मिळतात, पण काम टाचणीचे भोकही तेच करते. खाली पडलेले पाणी मात्र रोज काढावे लागते. ते साचले तर कुजते, जंतू वाढतात.

चौथी गोष्ट अलीकडच्या काळात लोकांच्या ध्यानात आली. पूर्वी पिंजरा दिवसभर ओला ठेवत. त्याने सरड्यांची छाती भरू लागली, श्वासाचे रोग जडू लागले. मग लोकांनी त्यांच्या मूळ मुलखाकडे पाहिले. तिथे दिवस कोरडा आणि रात्र दमट. रात्री धुके, पहाटे दव, आणि ऊन चढले की सारे वाळते. म्हणून आता जाणते लोक रात्री गार दमटपणा ठेवतात आणि दिवसा पिंजरा कोरडा होऊ देतात. पाणी योग्य वेळी हवे, आणि वाळायलाही वेळ हवा.

पाचवी गोष्ट खाण्याची. सरड्याला द्यायच्या किड्यांना आधी गाजर, पालेभाजी असा रसदार चारा घालतात. त्यातून पाणी सरड्याच्या पोटात जाते. व्हेल्ड जातीचा सरडा तर पानेही खातो.

तहानेच्या खुणा

विष्ठेबरोबरचा खडूसारखा भाग पांढरा असेल तर ठीक. तो पिवळा, नारिंगी होऊ लागला तर पाणी कमी पडते आहे. डोळ्यांचे उंचवटे भरलेले असावेत, ते खोल गेले तर गोष्ट गंभीर आहे. कातडीच्या घड्या पडणे, दिवसा डोळे मिटून बसणे, फांदीची पकड ढिली होणे, याही धोक्याच्याच खुणा. अशा वेळी प्राण्यांचा डॉक्टर गाठावा.

एक चूक पुष्कळजण कळवळ्यापोटी करतात. तोंड उघडून पिचकारीने किंवा चमच्याने पाणी ओततात. त्याच्या श्वासनलिकेचे तोंड तोंडातच, जिभेजवळ असते. ओतलेले पाणी फुप्फुसात जाते आणि वाचवायला गेलेला जीव आपल्याच हातून जातो. पाणी पुढ्यात थेंबाने द्यावे, चाटायचे काम त्याचे त्याला करू द्यावे.

आपल्याकडे पाळायचा नाही

हे सगळे वाचून एखाद्या पोराला वाटेल, आपणही पाळू. बाळांनो, तसे करू नका. भारतात शॅमेलिऑनची एकच जात आहे, ती म्हणजे आपला घोयरा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. त्याला पकडणे, पाळणे, विकणे, मारणे हा गुन्हा आहे. कोणी पिंजऱ्यात घालून विकायला आणला तर चार पैशांसाठी कोर्टाची पायरी चढायची पाळी विकत घेणाऱ्यावरही येईल. याच कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे अनेक परदेशी जातींचे प्राणी पाळणाऱ्यांनाही सरकारकडे नोंद करावी लागते.

आणि मारायचे तरी कशाला? घोयरा विषारी नाही. त्याच्या दातांत विष नाही, नजरेत नाही, थुंकीतही नाही. तो तोंड वासून फुत्कारतो, अंग फुगवतो, काळा पडतो, ते भीतीपोटी. रंग बदलतो यात जादूटोणाही नाही. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी पँथर शॅमेलिऑनवर अभ्यास करून दाखवले, की त्याच्या कातडीतील पेशींत अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्यामधले अंतर कमी-जास्त झाले की उजेड वेगळा परतवला जातो आणि आपल्याला रंग बदललेला दिसतो. पुढाऱ्यांना आपण सरड्याची उपमा देतो, पण तो बिचारा राग, भीती, ऊन, थंडी यांप्रमाणे रंग बदलतो, खुर्चीसाठी नाही. उलट तो आपल्या आवारातले टोळ, माश्या, किडे खातो. ज्याची माहिती नाही त्याला इखारी ठरवून दगड उचलायचा, ही सवय आपल्या घरांतून जायला हवी.

सापडलाच तर

यंदा एप्रिलात पुन्हा तसाच प्रसंग आला. डांबरी रस्त्यावर भर उन्हात एक घोयरा पडलेला. तोच पोरगा, आता सातवीतला, धावत आला. या वेळी खोके नाही, वाटी नाही. त्याने एक काडी पुढे केली. घोयऱ्याने ती धरली आणि तसाच त्याला दारातल्या सावलीतल्या जास्वंदीवर ठेवला. मुलांना चार हात दूर बसवले. इस्त्रीवाल्या भाऊंकडून बाटली धुऊन आणली आणि पोरगा पानांवर हळूहळू फवारू लागला. पहिली काही मिनिटे काहीच झाले नाही. घोयऱ्याने डोळे मिटून घेतले. आम्हाला मागच्या वर्षीचे खोके आठवले. मग एक थेंब पानाच्या टोकाशी आला, थरथरला, आणि घोयऱ्याने मान पुढे करून तो चाटला. मग दुसरा. मग तिसरा. गेल्या वर्षी "मारा" म्हणणारी आजी ओट्यावरून बघत होती. ती म्हणाली, "तहानलाच होता गा बिचारा."

आम्ही वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवले. संध्याकाळी वनरक्षक आले. त्यांच्या देखत नाल्याकाठच्या उरलेल्या बाभळीवर त्याला सोडले. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, पण घोयऱ्याची ती धीमी, डुलत डुलत चाललेली चाल बघत मुले अंधार पडेपर्यंत उभी होती. पोरगा आमच्याशी काही बोलला नाही. जाताना फक्त बाटली घेऊन गेला, भाऊंना परत द्यायला.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, एवढे लक्षात ठेवा. घोयरा दिसला तर मारू नका, मारू देऊ नका. झाडावर असेल तर तिथेच राहू द्या. रस्त्यावर असेल तर काडीवर घेऊन जवळच्या झाडावर ठेवा. जखमी असेल तर सावलीत फांदीवर ठेवून वनविभागाला कळवा, आणि तोवर पानांवर पाणी शिंपडा. उन्हाळ्यात चिमण्यांसाठी वाटी जरूर ठेवा, पण पहाटे कुंड्यांना पाणी घालताना चार थेंब पानांवरही उडवा. आणि मुलांनी काही विचारले व आपल्याला ठाऊक नसेल, तर "ठाऊक नाही, चल विचारू या" म्हणा. आम्ही ते म्हटले असते, तर तो पहिला घोयराही कदाचित जगला असता.