आईचा रिपोर्ट नॉर्मल, तरी बाळाच्या प्लेटलेट्स कमी

बाळ वेळेवर जन्मते, वजनही चांगले. पण काही तासांत अंगावर लालसर-जांभळे बारीक ठिपके उमटतात. निरोगी बाळाच्या प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर असतात; याच्या निघतात वीस-तीस हजार. आईच्या मात्र व्यवस्थित! मग घरात खापर फुटते तिच्या खाण्यापिण्यावर, नाहीतर ग्रहणावर. तिचा काडीचाही दोष नसतो.

बाळाच्या प्लेटलेट्सवर वडिलांकडून आलेली एखादी खूण आईच्या प्लेटलेट्सवर नसते. तिचे शरीर त्या खुणेला परके समजून प्रतिपिंडे तयार करते आणि ती वारेतून बाळाकडे जातात. युरोपीय वंशात यातली मुख्य खूण ‘एचपीए-१ए’. सुमारे २ टक्के स्त्रियांमध्ये ती नसते.

आरएच निगेटिव्ह आईचे पहिले बाळ बहुधा सुटते. इथे पहिल्यालाच फटका बसू शकतो. मोठी भीती मेंदूतल्या रक्तस्रावाची, कधी पोटात असतानाच. म्हणून संख्या फारच घसरली असेल, तर प्रतिपिंडांच्या अहवालासाठी न थांबता प्लेटलेट्स चढवतात. आईकडून आलेली प्रतिपिंडे काही आठवड्यांत ओसरतात.

पुढच्या खेपेला त्रास वाढू शकतो. तेव्हा आईला गरोदरपणातच इम्युनोग्लोब्युलिन देता येते. त्यासाठी पहिल्या बाळाचे डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि दिवस राहताच डॉक्टरांना दाखवा.